आधी मीटर, मग तोंड

रेडिओच्या कारखान्यात सूप घेऊन कामाला आलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. डोक्यावरून घट्ट पदर, मोकळं कपाळ, हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि काखेत सूप. मी दारातच विचारलं, "बाई, हे सूप कशाला आणलंत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरून आलो आहे. "निवडायचं काम हाय म्हनून सांगितलंय. सुपाबिगर निवडायचं कसं?" या हौसाबाई. माहेर मोशीचं, सासर पिंपळे गुरवचं. वय पंचेचाळीसच्या आसपास असावं; त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट पन्नासनंतरच्या दशकातली. पिंपरीला हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं होती आणि त्या शेतांतून मोठमोठ्या कारखान्यांच्या भिंती वर येत होत्या. आमचा कारखाना मात्र पत्र्याच्या एका शेडमध्ये मावायचा. आमचे मालक आपटे, जोडणीची पाच माणसं, निवडणीच्या तीन बायका आणि मी. पुण्याला वायरलेसचा डिप्लोमा करून नुकताच चिकटलेलो. एवढ्या लोकांत शिकलेला माणूस मी एकटाच, असं माझं मत होतं आणि ते मी लपवत नव्हतो. गावोगावच्या चावड्यांत बसवायचे रेडिओ आम्ही बनवत होतो. त्यांचे सुटे भाग नवे आणणं परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून आपट्यांनी युद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली वायरलेसची पोती घेऊन ठेवली होती.

त्या पोत्यांत हजारो रेझिस्टन्स होते, सगळ्या जातींचे एकात एक मिसळलेले. रेझिस्टन्स म्हणजे विजेच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला अडथळा. दोन्ही टोकांना तार असलेली, बोटाच्या पेराएवढी एक कांडी. कुठली कांडी विजेला किती अडवणार ते तिच्या रंगांवरून कळतं. आज त्यावर पट्टे असतात. तेव्हाच्या लष्करी मालावर अख्ख्या अंगाचा एक रंग, एका टोकाला दुसरा आणि पोटावर तिसऱ्या रंगाचा ठिपका असे. अंग म्हणजे पहिला आकडा, टोक म्हणजे दुसरा, आणि त्यांच्यापुढे शून्यं किती ते ठिपका सांगणार. दहा आकड्यांचे दहा रंग. मी त्यांचा एक तक्ता रंगवून भिंतीवर टांगला होता आणि हातात रूळ घेऊन तो बायकांना शिकवत असे. त्या रुळामुळेच हौसाबाई मला पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणू लागल्या.

तक्त्यावर मी छान अक्षरात आकडे लिहिले होते. हौसाबाईंना अक्षरही येत नव्हतं आणि आकडाही. त्या तक्त्यासमोर उभ्या राहिल्या, एकेका रंगावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्ये काजळ. ह्यो कात. ह्ये कुंकू, त्येच्या खाली शेंदूर, मग हळद." हिरव्याला त्या पान म्हणाल्या, निळ्याला नीळ. जांभळ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि त्याला वांगं म्हणाल्या. मग राख आणि शेवटी चुना. झालं. शून्यापासून नऊपर्यंतची सगळी अंकलिपी त्यांनी एका दमात पाठ केली. निम्मी देवघरातून, निम्मी पानाच्या डब्यातून आणि एक भाजीच्या टोपलीतून. शेजारी बसून निवडणाऱ्या शांता नावाच्या मुलीला मी महिनाभर जे शिकवत होतो, ते तिला हौसाबाईंकडून दुपारच्या जेवणाआधी आलं. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही.

ही शांता जरा फटकळ. एकदा म्हणाली, "मावशी, तुमी दिसभर कुंकू कुंकू करताय." हौसाबाईंचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे कपाळ मोकळं होतं. हौसाबाई सूप हलवतच म्हणाल्या, "लावायची मनाई हाय बाय, निवडायची न्हाई."

सुपाचं प्रकरण मला आधी हास्यास्पद वाटलं होतं. पण पोत्यातला माल त्यांनी सुपात घेऊन चार वेळा पाखडला, की जाडजूड कांड्या मागे राहायच्या आणि बारीक पुढे यायच्या. माती आणि तुटके तुकडे तर बाहेरच पडायचे. मग त्या मांडी घालून बसत आणि पुटपुटत निवडत. "कुंकू, पान, कात." ती गेली दोनशे पन्नासच्या कप्प्यात. त्या कांड्यांना त्या शेंगा म्हणत. दिवसाला आम्ही तिघं-चौघं मिळून जेवढं निवडायचो, तेवढं त्या एकट्या करू लागल्या.

एकदा मी तिघींना रेझिस्टन्सचं काम समजावून देत होतो. पाण्याचं उदाहरण दिलं, पाट आणि त्यातला अडथळा. वर म्हणालो, "म्हणजे येणारी वीज हा थोडी खाऊन टाकतो आणि उरलेली पुढे सोडतो." हौसाबाईंनी मान हलवली. सासरी त्यांनी उसाला दारं धरली होती. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्याला देण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. "खात न्हाई मास्तर. वाफ्याच्या तोंडाशी ढेकूळ ठिवलं तर ढेकूळ पानी पितं व्हय? ढेकळानं पाटातच कमी येतं. जेवढं अलीकडं, तेवढंच पलीकडं." मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं, की त्या बरोबर आहेत आणि मी चूक आहे. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं होतं, हा भाग वेगळा.

दुसऱ्या एका दिवशी चाचणीला लावलेला रेडिओ बंद केल्यावर त्यांनी आतल्या एका कांडीला बोट लावलं आणि पटकन काढलं. "ऊन झालीय की ही." मी कारण सांगू लागलो, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. "कळलं. अडवायचं म्हंजी अंगावर घ्यायचं. मग ऊन व्हनारच." त्यानंतर पोळलेलं बोट पदरात धरून त्या कामाला लागल्या. हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षं नव्या पोरांना शिकवलं, आणि ते कोणाचं आहे हेही दर वेळी सांगितलं.

त्या अंगावर काय घेत होत्या ते मला हळूहळू कळलं. घरात दीर, जाऊ आणि त्यांची भरल्या घरातली पोरंबाळं. हौसाबाईंना कोणी टाकून बोलत नसे, पण विचारतही नसे. कारखान्यात जायचं म्हटल्यावर दिराने एकच अट घातली होती. बाईमाणसाने रस्ता ओलांडून कामाला जायचं तर नावाला बट्टा लागता कामा नये. ज्या दिवशी कोणी बोट दाखवेल त्या दिवशी घरी. उन्हाळ्यात पवनेतून पायी आणि पावसाळ्यात होडीने नदी ओलांडून त्या यायच्या आणि भोंग्याआधी हजर असायच्या. मला एकदा म्हणाल्या, "घरात मी हाय का न्हाई, कुनाला कळत न्हाई. हितं मी आले न्हाई तर पोतं तसंच ऱ्हातं." एवढंच त्यांचं सुख होतं आणि ते त्या एका नोकरीवर उभं होतं.

पण हाताला स्वच्छतेची भारी खोड. पहिल्याच आठवड्यात मी आतून बाहेर आलो तर शेडच्या मागे गोधडी पसरलेली आणि तिच्यावर उन्हात रेझिस्टन्स वाळत घातलेले. पोत्यातली वंगणमाखली घाण पाहून बाईंनी टोपलीभर माल रिठ्याच्या पाण्यात बुडवून राखेने घासला होता, भांडी घासावीत तसा. निम्म्या कांड्यांचे ठिपके पार फिके झाले होते. मी आरडाओरडा केला. कोणी केलं असं विचारायच्या आतच त्या पुढे आल्या. "म्या केलं. माती दिसली आन हात गेला. चुकलं." तो सगळा माल रेझिस्टन्स मोजायच्या मीटरला लावून ठिपके पुन्हा रंगवण्यात माझे दोन दिवस गेले. हौसाबाईंनी त्यानंतर शेडमध्ये पाण्याचा तांब्यासुद्धा मालापासून चार हात दूर ठेवला.

त्या एका घासण्यामुळेच पुढचं घडलं. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी एक नवं पोतं फोडलं. गावांना द्यायचे रेडिओ आठवड्याभरात रवाना करायचे होते आणि आपटे दिवसातून दहा वेळा आत येऊन "कुठवर आलं?" असं विचारत होते. शनिवारी दुपारी मी हौसाबाईंचे कप्पे पाहायला गेलो. एका टोपलीत दोनेकशे कांड्या त्यांनी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. अंग शेंदरी, टोक काळं आणि पोटावर ठिपकाच नाही. म्हणजे तीन, शून्य, आणि पुढे काय ते देव जाणे. तीसही असेल आणि तीन लाखही. अशी एखाददुसरी बिनठिपक्याची कांडी याआधीही निघायची, ती मी बाद म्हणून एका डब्यात टाकायचो. पण दोनशे पाहिल्या आणि माझं डोकं फिरलं.

"पुन्हा घासलंत?" मी म्हणालो.

"न्हाई मास्तर. ह्या अशाच आल्यात. म्हनून तर बाजूला ठिवल्या."

"अशाच कशा येतील? ठिपक्याशिवाय कारखान्यातून माल निघतो का?"

"त्ये मला ठाव न्हाई. म्या पानी लावलं न्हाई."

आपटे आवाज ऐकून आले. मी त्यांना टोपली दाखवली आणि मागच्या राखेची आठवणही मीच करून दिली. आपटे वाईट माणूस नव्हते, पण घाईत होते. म्हणाले, "बाई, एकदा समजून घेतलं. आता सोमवारपासून येऊ नका." हौसाबाईंनी सूप उचललं, झटकलं. दारापाशी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. आवाज नेहमीचाच होता. "मागच्या बारीला म्या केलं व्हतं, तर सांगितलं व्हतं. आताबी केलं असतं तर सांगितलं असतं." आणि त्या गेल्या.

मीटर तिथेच माझ्या टेबलावर होता. टोपलीपासून दोन हातांवर. तो लावावा असं माझ्या मनातही आलं नाही, कारण मला खात्री होती. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

सोमवारी सकाळी भोंग्याआधी हौसाबाई दारात उभ्या होत्या. सूप नव्हतं. आत येईनात. "घरी अजून कुनाला सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "सांगायच्या आदी येक इचारायचं हाय." मी बाहेर आलो. मागून आपटेही आले.

"आमच्या गावाच्या शिवंला म्हसोबा हाय," त्या सांगू लागल्या. "समद्या अंगाला शेंदूर. काल आईतवारी तिथं बसले व्हते. येक बाई आली, तिनं बोटानं देवाला शेंदराचा टिळा लावला. लावलेला म्या ह्या डोळ्यांनी बगितला. आन तिनं बोट काडलं, तर टिळा कुटं हाय त्ये घावंना. शेंदरावर शेंदूर दिसनार कसा?" त्यांनी आतल्या टोपलीकडे बोट दाखवलं. "मास्तर, त्या शेंगांचं अंग शेंदराचं. ठिपकाबी शेंदराचाच आसंल तर? आन म्या राखेनं घासलं असतं, तर टोकाचं काजळ बरं ऱ्हायलं असतं?"

आत गेलो, टोपली घेतली आणि पहिली कांडी मीटरला लावली. ठिपका शेंदरी धरला तर तीन, शून्य आणि पुढे तीन शून्यं. तीस हजार ओहम यायला हवेत. काटा गेला आणि तीस हजारांपाशी थोडा अलीकडे थांबला. दुसरी, तिसरी, दहावी. पन्नास झाल्यावर आपटे म्हणाले, "पुरे." मी थांबलो नाही. सगळ्या लावल्या. ठिपके घासून गेले असते तर त्यांत तीनशे निघाले असते, तीन लाखही निघाले असते. काटा दर वेळी तिथेच येत होता. मग माझा बाद मालाचा डबा उपडा केला. तोही सगळा शाबूत निघाला.

त्या रात्री घरी जाऊन मी डिप्लोमाची वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलेलं होतं, की ठिपका दिसत नसेल तर तो अंगाच्याच रंगाचा आहे असं समजावं. यावर मला परीक्षेत गुणही मिळाले होते.

सकाळी शेवटची कांडी लावून झाल्याबरोबर आपट्यांनी हौसाबाईंना हात जोडले; म्हणाले, "चुकलो आम्ही. सूप घेऊन या." मलाही माफी मागायची होती, पण सगळ्यांसमोर 'चुकलो' असं म्हणवेना. शेवटी म्हणालो, "हौसाबाई, मी मीटर न लावताच बोललो." त्यांनी माझी सुटका लगेच केली नाही. मग म्हणाल्या, "लावत जावा. आदी मीटर, मग तोंड." आणि पदर खोचून बिनसुपाच्याच कामाला बसल्या. त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये कोणी कोणावर चढ्या आवाजात बोलू लागलं, की कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणायचं, "आधी मीटर." आपट्यांनाही लोक ते ऐकवत.

त्यानंतरची तीन वर्षं फार चांगली गेली. पिंपळे गुरवच्या चावडीत आमचाच रेडिओ बसला. चावडीवर बायका बसत नसत. पण संध्याकाळी पाणी घेऊन येताना हौसाबाई तिथे घागर टेकवून घटकाभर उभ्या राहायच्या, असं त्यांच्या दिरानेच मला सांगितलं. "वैनी म्हनत्यात, ह्याच्या पोटात माझ्या शेंगा हाईत," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं चेष्टेचं नव्हतं. घरात त्या आहेत हे आता कळायला लागलं होतं.

आणि मग एके दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "मास्तर, माजं निवडनं थांबवा." मी चमकलो. "नीळ आन वांगं येकसारखं दिसाया लागलंय. डोळ्यावर सारा आलाय, पडदा धरल्यावानी. परवापासनं लक्षात येतंय."

त्या गेल्या तर शेड कशी वाटेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. "काहीतरीच काय," मी घाईने म्हणालो. "कालच तुमचे कप्पे पाहिले. सगळं बरोबर आहे."

"मीटर लावला व्हता?"

माझी नजर टेबलावरच्या मीटरकडे गेली.

"मग बराबर हाय म्हनून कसं सांगता?" त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. "मागं येकदाबी असंच न लावता बोलला व्हता. तवा राग व्हता, आता माया हाय. पर चूक तीच हाय की, मास्तर."

मी मीटर ओढला. त्यांनी निळीच्या कप्प्यातल्या कांड्या एकेक करून माझ्या हातात दिल्या. चार वांगी निघाली. प्रत्येक निघाली की त्या मान हलवत, आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान असल्यासारख्या. "बगा," त्या म्हणाल्या, "म्या आदीच सांगितलं का न्हाई?" मग त्यांनी सूप खिळ्याला अडकवलं. न्या म्हटलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. निवडनारीला लागंल." आणि शांताच्या पाठीवर हात ठेवून त्या भोंगा व्हायच्या आतच निघाल्या.

त्या गेल्यावर मी त्यांचे बाकीचे सगळे कप्पे खाली काढले आणि सुटी होईपर्यंत मीटरला लावले. उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी लावले. हळद, पान, कुंकू, शेंदूर. निळीच्या कप्प्यातल्या त्या चार सोडल्या तर एकही कांडी चुकीच्या जागी नव्हती. दुपारी मी आपट्यांकडून तासाभराची रजा घेतली, होडीने पवना ओलांडली आणि पिंपळे गुरवला हौसाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. आता तोंड उघडायला हरकत नव्हती.